सात वेळा अडवलेला गोल

सावंतकाका,

वाद अर्धवट टाकून निघून जाणं तुम्हाला शोभत नाही. मी याचा जाहीर निषेध करते.

हे वाक्य वाचून तुम्ही पोट हलवत हसला असतात आणि म्हणाला असतात, "इली, पुढारीणबाय इली." मग स्क्रूड्रायव्हर शर्टाच्या खिशात खोचून, समोरच्या स्टुलावर बसून म्हणाला असतात, "बोल. कसलो निषेध?"

निषेध याचा, की सात वर्षं आपण एकाच गोलावर भांडलो आणि निकाल लागायच्या आत तुम्ही मैदान सोडलंत.

तुम्ही गेल्यावर सगळे तुमचं काम सांगतायत. चोवीस वर्षं शाळेत इलेक्ट्रिशियन, एकही वर्ग एसीवाचून राहिला नाही, वगैरे. सांगू देत. ते खरंच आहे. पण मला तुम्ही आठवता ते ओमानमधल्या निझव्याच्या त्या भाजून निघालेल्या मैदानावर, तीन पायांच्या स्टॅंडवर लावलेल्या मोबाइलमागे. डोक्यावर ओला टॉवेल, हातात लबनच्या दोन गार बाटल्या. बाकीचे लोक ते ताक पितात. तुम्ही ते रबरबॅंडने फोनच्या पाठीला बांधायचात.

शाळेचा टीव्ही म्हणजे तो फोन आणि तुम्ही. मॅच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी व्हायची, संध्याकाळी शाळेच्या पानावर लागायची आणि रविवारी शाळा उघडली की कॅन्टीनच्या भिंतीवरच्या पडद्यावर दिवसभर फिरत राहायची. आठवड्यातून एकदा का होईना, आमची शाळा टीव्हीवर दिसायची. गॅरेजमधले, हॉस्पिटलच्या किचनमधले, सूकमधल्या, म्हणजे इथल्या बाजारातल्या, दुकानांतले आपले लोक ती मॅच बघायचे, कारण दुसरीकडे कुठल्याही खेळाचं असं समालोचन त्यांना मिळणार नव्हतं. "नाइन नंबर टेकिंग बॉल, टेकिंग, टेकिंग, अरे मेल्या पास दी, नाही देता है, देखो नाही देता है... गेलो! बॉल भायर गेलो!" तीन भाषा आणि एक श्वास. प्राचार्यांनी तुम्हाला एकदा सांगितलं की समालोचन फक्त इंग्रजीत हवं. तुम्ही मान डोलावून "इन्शाल्ला" म्हणालात. इन्शाल्लाचा तो वापर मी तुमच्याकडून शिकले आणि हल्ली ऑफिसात रोज करते.

अडचण एकच होती. लबन बांधूनही फोन वीस-पंचवीस मिनिटांत तापून बंद पडायचा. मग तुम्ही तो शर्टाच्या आत घालून गाडीच्या एसीकडे पळायचात. आणि गोल नेमका तेव्हाच व्हायचा. मला तर वाटतं, पोरं वाटच बघत असायची.

यावर तुम्ही काढलेला तोडगा ओमानमध्ये सोडा, पृथ्वीवर कुठे असेल असं मला वाटत नाही. मॅच संपली की तुम्ही दोन्ही हात वर करून ओरडायचात, "यल्ला! गोल परत!"

आणि सगळे परत उभे राहायचे. ज्याने गोल घातला तो, ज्याने पास दिला तो, जो अडवताना आडवा झाला तो, आणि ज्याला चुकवून बॉल आत गेला तो बिचारा गोलकीपरही. पीटीचे सर पुन्हा शिट्टी वाजवायचे. पुन्हा गोल व्हायचा, पुन्हा मिठ्या मारायच्या. मोठ्या वर्गातल्या पोरांना वाटायचं, परत करायचाच आहे तर जरा झकास करू. एकाने उलटी उडी मारून लाथ घातली. तुम्ही कॅमेरा बंद केलात. "मघाशी उडी मारलंस? तू तर घसरललंस. घसर." तो म्हणाला, "अंकल, घसरलेला बरा दिसत नाही." तुम्ही म्हणालात, "झालो तसोच होवक व्हयो. घसर." तो घसरला. तीन वेळा घसरला, तेव्हा कुठे तुमचं समाधान झालं.

इथे माझा प्रवेश होतो.

मी मराठी वाचायला शिकले ते पत्रकांवर, हे तुम्हाला ठाऊक होतंच. पप्पा पुण्यात चळवळीत होते. नोकरीसाठी इकडे आले तेव्हा आईने लोणच्याच्या बरण्या भरल्या आणि त्यांनी पत्रकांची एक ट्रंक. घरात गोष्टींची मराठी पुस्तकं नव्हती. माझ्याबरोबरच्या मुलांना मराठीत पाणी मागताना अडखळायला व्हायचं आणि मी पाचव्या वर्षी 'दडपशाही' हा शब्द एका दमात वाचायचे. आईने दुधाचा दुसरा ग्लास पुढे केला की मी तिला 'एकतर्फी निर्णय' म्हणायचे. अशा मुलीला चौदाव्या वर्षी कळलं की शाळेच्या टीव्हीवरचे गोल खोटे असतात. काय होणार?

मी पत्रक लिहिलं. 'खोट्या गोलांचा धिक्कार असो!' खाली पाच मुद्दे. पहिला मुद्दा, प्रेक्षकांची घोर फसवणूक. पाचवा मुद्दा, इलेक्ट्रिशियन सावंत यांनी जाहीर माफी मागावी. ते मी कॅन्टीनच्या दारावर चिकटवलं. पप्पांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "बाळा, ही पुण्याची भिंत नाही," ते म्हणाले. आयुष्यभर भिंती रंगवलेला माणूस!

शाळेत मराठी वाचणारी माणसं मोजून सहा. त्यांतले चार बसचे ड्रायव्हर. तुम्ही चष्मा लावून ते पत्रक शांतपणे वाचलंत, पाचव्या मुद्द्यावर बोट ठेवून मान डोलावलीत आणि मोबाइल काढलात. मला वाटलं, तक्रार करणार. त्या संध्याकाळी शाळेच्या पानावर बातमी लागली. पत्रकाचा फोटो आणि तुमचा खर्जातला आवाज: "आज हमारे टीव्ही का धिक्कार हुआ." मग पाचही मुद्दे तुम्ही वाचलेत. एकही गाळला नाहीत. स्वतःच्या माफीचा तर दोनदा.

दुसऱ्या दिवशी मला गाठून म्हणालात, "पुढारीणबाय, तू चिकटवतानाचा शूटिंग रवला. जरा परत चिकटव."

आणि मी चिकटवलं, काका. केस नीट करून चिकटवलं. आपल्या वादात हा मुद्दा तुम्ही एकदाही काढला नाहीत. काढला असतात तर मी तिथेच संपले असते.

मुलींच्या फुटबॉल संघासाठीचं माझं दुसरं पत्रक मात्र शाळेने गंभीरपणे घेतलं. संघ झाला. गोलकीपर व्हायला कोणी तयार नव्हतं. पीटीचे सर म्हणाले, "जिने मागणी केली तिने उभं राहावं." बाहेरच्या जगात लढे असे संपतात की नाही मला माहीत नाही. माझा संपला तो दोन खांबांच्या मध्ये, पीटीच्या सरांचे घामट हातमोजे घालून.

आता ती मॅच. तुमच्याकडून बोलायला कोणी नाही, म्हणून तुमची बाजूही मीच मांडते, आणि प्रामाणिकपणे मांडते.

इब्राच्या शाळेचा संघ आला होता. त्यांच्यात स्नेहल होती, माझ्या खांद्याइतकी, डावखुरी. मॅचच्या आधी ती तुमच्यापाशी आली आणि अडखळत म्हणाली, "अंकल, तुमचा टीव्ही इव्हिनिंगला लागणार ना? माझे पप्पा येऊ नाही शकले. गॅरेजला शुक्रवारी पण काम असतं. ते बघणार आहेत." तुम्ही म्हणालात, "दिसतलंस. तू फक्त खेळ." मी बाजूलाच हातमोज्यांचे पट्टे आवळत होते. मी सगळं ऐकलं होतं, हे लक्षात ठेवा.

मॅच संपायला चार मिनिटं असताना तिने गोल घातला. आम्ही एक-शून्य हरलो. आणि फोन नेहमीप्रमाणे त्याच्या दोन मिनिटं आधी तापून बंद पडला होता.

"यल्ला! गोल परत!"

मी नाही म्हणाले. भर मैदानात भाषण केलं. खोटेपणात सहभागी होणार नाही, गोलकीपरच्याही सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न असतो, वगैरे. सगळ्या मुली उन्हात उभ्या. तुम्ही ऐकून घेतलंत आणि जवळ येऊन हळू म्हणालात, "तुझा तत्त्व खरा. पण त्या चेडवाच्या बापाशीन गोल बघूक व्हयो की नको?"

मी खांबांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. स्नेहलने मारला. आणि मी तो अडवला.

आईशप्पथ सांगते, पहिला आपोआप अडला. हात गेला. मुली हसल्या, मीही हसले. "परत," तुम्ही म्हणालात. दुसराही अडवला. तो आपोआप नव्हता. तिसरा मी उडी मारून अडवला, आयुष्यात इतकी चांगली उडी मी कधी मारली नव्हती. चौथा, पाचवा. अख्ख्या मॅचमध्ये मला जमलं नाही ते सगळं मला तेव्हा जमत होतं. बाहेर इब्राची बस हॉर्न वाजवत होती. सहाव्या वेळी स्नेहलचा पाय थरथरत होता. सातव्या वेळी बॉल घरंगळत माझ्या हातात आला आणि ती तोंड फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

तुम्ही माझ्यापाशी आलात. रागावला नव्हतात, तेच जास्त लागलं.

"गो बाय, हरलंस तां हरलंस. आता नीट हर."

"मी खोटं हरणार नाही."

"मघाशी खरां हरलंस, तां दाखवूक लाज कित्याक वाटता?"

मी हातमोजे काढले. बस गेली.

त्या संध्याकाळी टीव्हीवर मॅच लागली. मध्येच पडदा काळा आणि त्यावर तुमचा आवाज, "हंय गोल झालो. दिसाक नाय. स्नेहल, इब्रा. डाव्या पायान. माझ्यार विश्वास ठेवा." विश्वास कोणी ठेवला नाही. निझव्यातल्या तमाम मराठी माणसांनी ठरवून टाकलं की मॅच बरोबरीत सुटली आणि सावंत उन्हाने बडबडतोय. सूकमध्ये हलव्याच्या दुकानातला रत्नागिरीचा शेखर मला म्हणाला, "काय गं, एकपण जाऊ दिला नाहीस म्हणे! ग्रेट!" आणि मी, खोट्या गोलांचा धिक्कार करणारी, प्रेक्षकांच्या घोर फसवणुकीविरुद्ध पाच मुद्दे लिहिणारी, म्हणाले, "थॅंक्यू."

त्यानंतर तुम्ही आमच्या घरी एसी बघायला यायचात तेव्हा आपला वाद सुरू व्हायचा. शिडीवरून तुम्ही, खालून मी. मी म्हणायचे, घडलेली गोष्ट परत घडवली की ती नाटक होते. तुम्ही म्हणायचात, लपवली की काय होते? मी म्हणायचे, मी लपवलं नाही, मी नकार दिला. तुम्ही जाळी धुऊन परत बसवायचात, "नकार चांगलो होतो. पण उडी जरा जास्तच बरी मारलंस." आई चहा घेऊन यायची आणि विचारायची, "अजून तोच गोल?"

मी पुण्याला शिकायला गेले, तिथे खऱ्या भिंतींवर खरी पत्रकं चिकटवली. परत येऊन मस्कतला नोकरीला लागले. तुम्ही निवृत्त होऊन कुडाळजवळ गावी गेलात. महिन्यापूर्वी तुमचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "शेताच्या कोपऱ्यात पोरां फुटबॉल खेळतत. हंय फोन तापत नाय," तुम्ही म्हणालात, जरा नाराजीनेच. मग म्हणालात, "तुका काय सांगूचा आसा?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" तुम्ही म्हणालात, "कशाबद्दलय." मी म्हटलं, "काही नाही, काका. तब्येत सांभाळा."

सांगायचं होतं. ते असं.

मी तो गोल खाल्ला, कारण मी बॉलकडे बघतच नव्हते. चार मिनिटं उरली होती, आमची पोरगी तिकडे कॉर्नर घेत होती, मला वाटलं आता कॅमेरा माझ्याकडे असेल. गाडीकडे न पळता तुम्ही माझ्या बाजूच्या कोपऱ्यात स्टॅंडमागेच उभे होता, म्हणून फोन बंद पडलाय हे मला कळलं नाही. मी पाठीवरची वेणी खांद्यावरून पुढे घेतली, हनुवटी वर केली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. पडद्यावर मी कशी दिसेन याचा विचार करत होते. तेवढ्यात स्नेहल बॉल घेऊन पळत आली. तिचा गोल चांगला होता, हे मी दुसऱ्यांकडून ऐकलं. मी तो पाहिलाच नाही.

म्हणून परत करता येईना. झाला तसाच व्हायला हवा, असा तुमचा नियम. मग मला वेणीसुद्धा परत पुढे घ्यावी लागली असती, सगळ्यांसमोर. तत्त्व वगैरे मी नंतर शोधलं. आणि त्या माझ्या वेणीपायी गॅरेजमधल्या एका माणसाला आपल्या मुलीचा गोल दिसला नाही. सात वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. कॅमेरा बंद होता, तेव्हा कोणी पाहिलं नाही, याचं मला बरं वाटत आलं होतं.

गेल्या शुक्रवारी इथे मस्कतमध्ये, वादी अदाईला तुमची शोकसभा झाली. सभा कशी झाली ते तुम्हाला सांगायलाच हवं. गावी तुमच्या घरच्यांना दिसावी म्हणून फोनवर चालू ठेवली होती. सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिलो. डोळे उघडले तर शेखर फोन हलवतोय, "कट झाला होता." मग मागून एक बसचा ड्रायव्हर हळूच म्हणाला, "यल्ला. परत." आणि काका, ती दोन मिनिटं आम्ही परत घेतली. हसू दाबून सगळ्यांचे खांदे गदगदा हलत होते. गावी तुमच्या मुलीला वाटलं, लोक किती रडतायत. तिला कोणी खरं सांगितलं नाही, मीसुद्धा नाही. या बाबतीत मी तुमच्या बाजूची झाले आहे, असं समजा.

चहाच्या वेळी एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ माझ्यासमोर आले. "मी स्नेहलचा पप्पा. इब्राहून आलो." मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "काका, मी ती गोलकीपर. तुमचा गोल मी..."

"तू होय?" ते म्हणाले. "अगं, पण गोल मी बघितला की."

"कधी?"

"त्याच्या पुढच्याच शुक्रवारी. सावंत सुट्टीच्या दिवशी टॅक्सीत बसून इब्राला आले. म्हणाले, तुमचा एक गोल द्यायचा राहिलाय. मला गॅरेजमधून बाहेर काढलं, स्नेहलला बोलावलं. मागच्या मोकळ्या जागेत दोन बाजूंना दोन टायर उभे केले. म्हणाले, तुमच्या फोनवर तुम्हीच घ्या. गोलकीपर मी होईन."

त्यांनी फोन काढला. स्नेहल आता कोल्हापूरला नर्सिंग शिकते, पण तो व्हिडिओ त्यांनी तीन फोन बदलून जपलाय. सगळे माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागले.

दोन टायरांच्या मध्ये तुम्ही. पीटीच्या सरांचे तेच हातमोजे. लांबून स्नेहल बॉल घेऊन पळत येते. आणि तुम्ही, टक्कल पडलेले, पोट सुटलेले तुम्ही, पाठीवरची एक न दिसणारी वेणी दोन बोटांनी उचलता, खांद्यावरून अलगद पुढे आणता, हनुवटी वर करता आणि थेट कॅमेऱ्याकडे बघता. बॉल तुमच्या बाजूने आत जातो. स्नेहल हात पसरून धावत सुटते, तिचे पप्पा फोनमागून ओरडतात, फोन हलतो. तुम्ही हलत नाही. तसेच हनुवटी वर करून उभे राहता आणि समालोचन करता.

"गोल झालो! गोल! आणि गोलकीपर खंय बघता? गोलकीपर टीव्हीत बघता!"

बरोबर आहे, काका. तिकडेच बघत होते.